अन्नपूर्णाबाईंच्या ओट्यावरचा डाग

परातीखाली

"साधना, लवकर ये वो. माह्या ओट्याचा खून झाला."

समोरच्या अन्नपूर्णाबाईंचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. 'खून' हा शब्द बाई सढळ हाताने वापरतात. त्यांच्याकडे दुधाचा खून होतो, दुपारच्या झोपेचा होतो, सिरीयल चालू असताना लाइट गेली तर तिचाही होतो. पण आज आवाज बसलेला होता. मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून निघाले.

खरं म्हणजे त्यांनी बोलावलं नसतं तरी मी गेले असते. मी विम्याची सर्वेअर आहे. जळालेली दुकानं, फोडलेली शटर आणि माजरीच्या रस्त्यावर उलटलेले ट्रक बघून नुकसान कसं झालं असेल ते सांगायचं, हे माझं काम. नवरा म्हणतो, तुला पगार दिला नाही तरी तू हेच करत बसशील. बरोबर म्हणतो.

त्या ओट्याबद्दल आधी सांगायला हवं. दिवाळीत बाईंनी जुनं स्वयंपाकघर तोडून नवं केलं. पाटा, उखळ सगळं मलब्याबरोबर गेलं. एक वरवंटा तेवढा दाराला अटकाव म्हणून राहिला. त्या जागी आला पांढरा, करड्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट. तेव्हापासून आमच्या भद्रावतीच्या या ओळीत ओटा कसा पुसावा हे पोराटोरांनाही पाठ झालंय. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि लगेच दुसऱ्या फडक्याने कोरडा. लिंबू ओट्यावर कापायचं नाही, तापलेली कढई टेकवायची नाही, तेलाचा थेंब पडला तर गाणं म्हणत बसायचं नाही. स्वतःच्या पोरांना बाईंनी एवढं जपलं असेल असं मला वाटत नाही.

स्वयंपाकघरात गेले तर बाईंनी शेगडीच्या डाव्या हाताची परात उचलली. खाली पुरीएवढा काळाकुट्ट डाग होता, आणि त्याच्या कडेने पांढुरकी रेघ.

"काल मी वरोऱ्याले बारशाले गेली होती," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी थकून आली, तशीच झोपली. सकाळी परात उचलली त हे. काल घरी हे होते, पन हे त दुपारभर झोपून राह्यते. दुसरी आली ते रंभा, भांड्यासाठी. आणखी कोन करन?"

रंभा मागच्या दारात उभी होती. ही आमच्या ओळीतल्या पाच-सहा घरची भांडी घासते आणि त्यावरच तिचं घर चालतं. तिचे हात ओले होते आणि मान खाली.

"इचारलं त तोंडातून शब्द नाई काढत," बाई म्हणाल्या. "म्हनजे तिनंच केलं. रंभा, आजपासून येऊ नको. बाकीच्या घरीई मी सांगतलं, असा हात असलेली बाई घरात नको म्हनून."

"ठीक हाय, बाई," रंभा म्हणाली, आणि पदराला हात पुसून निघाली.

इतकी वर्षं मी नुकसान केलेली माणसं पाहत आलेय. दोषी माणूस ओरडतो. निर्दोष माणूस त्याहून जोरात ओरडतो. पोटावर पाय येत असताना 'ठीक हाय' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. ती फाटकापाशी पोचली तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेजारच्या घरूनही तेच सांगणं होतं, की उद्यापासून नको.

पाण्याचा थेंब

पुराव्याला हात लावू नका, असं मी बाईंना बजावलं. त्या लावणार नव्हत्याच. त्यांना डागाकडे बघवतही नव्हतं.

दुपारी बाबूभाई चंद्रपूरहून आले. दगड त्यांच्या दुकानातला, आणि बाईंनी त्यांनाही फोनवर चांगलंच झापलं होतं. घाम पुसत ते म्हणाले, "देखो ताई, माह्या मालाची गलती निघाली त पुरा ओटा बदलून देतो, एक शब्द नाई बोलनार. पन पहिले मले पानी टाकू द्या."

त्याआधी मी डागाच्या कडेची पांढुरकी भुकटी नखाने खरवडून बशीत काढून घेतली. मग बाबूभाईंनी बोटांनी ओटाभर पाण्याचे थेंब शिंपडले. सगळीकडे ते मोत्यासारखे गोल उभे राहिले. "हे पाहा, सीलर, म्हनजे दगडावरचा लेप, शाबूत आहे. असा ओटा असला का हळद पडो, चहा पडो, पुसलं का गेलं." मग एक थेंब त्यांनी काळ्या डागावर सोडला. तो पसरला आणि हळूहळू दगडात मुरला.

"इथीच काऊन नाई थांबला?" बाईंनी विचारलं.

मी मोबाइलचा टॉर्च ओट्याला टेकवून आडवा धरला. वरून न दिसणारं आडव्या उजेडात दिसतं, हे ट्रकच्या पत्र्यांनी मला शिकवलंय. डागाच्या मधोमध बारीक पांढरे ठिपके चमकले, जवळजवळ, एकाच जागी.

"मार लागला," बाबूभाई एकदम म्हणाले. "ग्रॅनाइटले ठोकलं का असेच ठिपके पडते. कोनीतरी इथी काहीतरी ठोकलं, ताई. सीलर फुटला, अन् जे ठोकलं त्याचं तेल आत उतरलं. याच्यात दगडाची गलती नाई."

साबणाच्या पाण्याने डाग हलला नाही. खायच्या सोड्याचा लेप दिला, त्याने कडा जरा फिकट झाली, बस. लिंबू चोळू का म्हणून बाईंनी विचारलं, तर बाबूभाईंनी कानाला हात लावला. आंबट लावाल तर उरलेला सीलरही जाईल, म्हणाले.

मला मात्र त्या पांढऱ्या भुकटीने पछाडलं होतं. बशीत पाण्याचे दोन थेंब टाकून मी चिमूटभर हळद कालवली. हळद बघताबघता लालभडक झाली. हळदीचं कुंकू कशाने होतं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

"चुना!" बाई ओरडल्या. मग त्यांचा चेहरा काळवंडला. "निकेश. सुपारी-तमाखूचा खर्रा खाते माहा पोरगा. पन्नी भेटली होती मले त्याच्या पॅन्टीत."

खर्रा आणि खोबरं

निकेश, बाईंचा मुलगा, माजरीच्या खाणीत कामाला आहे. पाळी संपवून आला तसा मी त्याला फाटकातच गाठला. खर्रा म्हटल्यावर आधी तो लाजला, मग हसायला लागला.

"खातो ना ताई, आईले नका सांगू. पन चुना मी कायले ठेवीन? खर्रा त ठेल्यावरूनच घोटून भेटते. सुपारी, तमाखू, चुना, सगळं एकत्र घोटून पन्नीत बांधून देते थो. आपन फक्त तोंडात टाकाचं."

मी कपाळावर हात मारला. चंद्रपूर जिल्ह्यात जन्म काढून मला हे सुचू नये! खर्रा खाणाऱ्याच्या खिशात चुना नसतोच. चुन्याची डबी बाळगतो तो सुटी तंबाखू तळहातावर मळणारा माणूस, आणि असा माणूस या घरात एकच होता.

दादाजी ओसरीवर बसले होते. अन्नपूर्णाबाईंचे यजमान. फार मऊ माणूस; बायकोसमोर वरच्या पट्टीत बोललेले मी कधी ऐकले नाहीत. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर तापलं होतं तरी त्यांनी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता. उजव्या हातावर टॉवेल गुंडाळलेला. डाव्या हाताने ते सुक्या खोबऱ्याचे तुकडे एकामागून एक तोंडात टाकत होते. तंबाखूची डबी बाजूला पडली होती.

"काल दुपारी काही आवाज आला का, दादाजी? ठोकल्याचा?"

"झोपलो होतो मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"अन् हाताला काय झालं?"

"ऊन लागलं."

हाताला ऊन लागतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आतून बाई ओरडल्या, "साधना, त्याईले इचार, माह्या डब्यातल्या खोबऱ्याच्या वाट्या काऊन संपवून राह्यले म्हनून! सकाळपासून हेच चालू आहे."

दादाजींनी घास तसाच गालात धरला. त्यांच्या मागे भिंतीवर निकेशचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा. तिथे रोशनीचा फोटो असायचा. बाईंची मुलगी. सिरोंच्याकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या एका शिक्षकाशी तिने आपल्या मनाने लग्न केलं, आणि बाईंनी फोटो उतरवला. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव निघत नाही. ती आता अहेरीत असते, एवढं मला उडत उडत कळलं होतं.

दादाजी काहीतरी लपवत होते. पण रंभाचं गप्प बसणं काही केल्या या हिशेबात बसत नव्हतं. दादाजींनी काही केलं असेल तर तिने का सोसावं?

"थो म्हणजे कोण?"

रंभाचं घर तळ्याच्या पलीकडे. मी गेले तेव्हा ती चुलीपुढे नुसतीच बसून होती. चूल पेटलेली नव्हती.

"आणखी दोन घरून फोन आले," तिने आपणहून सांगितलं. "एकच राह्यलं आता. तेई सांगतीन."

"मग बोलत का नाहीस? तू केलं नाहीस हे मला दिसतंय. तुझं काम नळापाशी, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. तू शेगडीजवळ ठोकाठोकी कशाला करशील?"

माणूस गप्प बसलं की मी बाजूचं बोलते, धंद्यातली सवय. तिच्या गावाचं विचारलं. गाव आलापल्लीच्या पुढे, जंगलात. नुकतीच भाचीच्या लग्नाला जाऊन आली होती. येताना काय आणलं? मोहफुलं, चार टेंभरं, आणि... इथे ती थांबली. मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

मग उठता उठता सहज विचारलं, "डाग जावा म्हणून त्याच्यावर चुना तू लावलास का गं?"

"चुना?" रंभा दचकून उठली. "नाई वो ताई! चुन्यानं त पक्का होते ना थो!"

"थो म्हणजे कोण?"

तिने तोंडावर पदर दाबला. "मले नका इचारू. मी शबूद देल्ला हाय."

मला आणखी विचारायची गरजच उरली नाही. चुना लावला की पक्का होणारा काळा डाग मी लहानपणी रोज पाहिला होता. आजोबांच्या धोतराच्या कोपऱ्यावर परटाने घातलेली खूण! धोतर विरून गेलं, ती खूण शेवटपर्यंत गेली नाही. ती शाई कसली असायची तेही आठवलं. तळ्याच्या बांधावर मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "बिबा!"

गोडंबी कोणासाठी

संध्याकाळी मी सगळ्यांना त्या ओट्यापाशी बोलावलं. बाबूभाई थांबले होतेच. रंभा यायला तयार नव्हती. मी जवळजवळ ओढून आणली. दादाजी दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"बाई, तुमच्या ओट्यावर बिबे फोडले गेलेत," मी म्हणाले. "बिब्याचं तेल काळं आणि चिवट. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. फोडताना दगडाला मार बसला, सीलर फुटला, तेल आत गेलं. फोडणारा घाबरला. डाग पांढरा व्हावा म्हणून त्याने चुना फासला आणि डाग कायमचा बसवून घेतला. परीट कपड्यावर खूण घालताना हेच करायचे."

"मंग रंभाच!" बाई म्हणाल्या. "बिबे तिच्याच गावाकडून येते."

"बिबे तिनेच आणले, ते खरं आहे. पण फोडले तिने नाहीत. चुन्याने बिबा पक्का होतो हे तिला चांगलं माहीत आहे, माझ्याशी बोलताना तिच्या तोंडून निघून गेलं. ती चुना कशी लावेल? आणि जंगलातलं माणूस हाताला तेल, राख चोळून अंगणातल्या फत्तरावर बिबा फोडतं. तिचे हात बघा, एक फोड नाही. ज्याने फोडले त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या अंगावर बिबा उतला असणार, फोड आले असणार. आणि बिबा उतला की आपल्याकडची म्हातारी माणसं काय खायला सांगतात?"

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. "खोबरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या.

दादाजींनी टॉवेल सोडला. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून लाल झाला होता, फोडांनी भरला होता. बाबूभाई "या अल्ला" म्हणून मागे सरकले.

"घरात पाटा नाई, उखळ नाई," दादाजी म्हणाले. "दगड म्हनून हाच एक होता. वरवंट्यानं ठोकले. डाग पडला त मले वाटलं, चुन्यानं भिंत पांढरी होते, त दगड काऊन नाई होनार? नाई झाला, मंग परात झाकली."

"अन् अंगनात काऊन नाई फोडले?"

उत्तर मी दिलं. "अंगणात फोडले असते तर ओळीतल्या बायांनी विचारलं असतं. बिबे फोडतात ते आतल्या गोडंबीसाठी. आणि गोडंबी आपल्याकडे माणूस सहज खायला काढत नाही, बाई. ती डिंकाच्या लाडवात जाते. ते लाडू कोणाला देतात, हे तुम्ही मला सांगा."

"बाळंतिनीले," बाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"बाळंतीण कोण, हे मी सांगणार नाही. ते घरच्या माणसानं सांगावं," मी म्हणाले. दादाजींचा मला खरंच राग आला होता. एका बाईची घरं एकेक करून बंद होत होती आणि हा माणूस ओसरीवर खोबरं चघळत बसला होता.

शेवटी दादाजीच म्हणाले, "रोशनीले पोरगी झाली. रंभा लग्नाले गेली तवा अहेरीत भेटून आली तिले. वाळली म्हने पोरगी आपली. सासू नाई तिले, करून घालनारं कोनी नाई. तिथूनच रंभानं फोन केला, तवा मीच बिबे मांगवले. रंभाले म्हनलं, बाईले सांगजो नको. आज सकाळी तिले काढलं तवा मी बोलाले पाह्यजे होतं. तोंड नाई उघडलं माहं." ते रंभाकडे वळले. "माफ कर वो माय."

रंभा म्हणाली, "रोशनीताईनंई शपथ घातली होती. आई सोता इचारन तवाच सांगजो म्हने."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काल वरोऱ्याला त्यांनी दुसऱ्याच्या नातीला पाळण्यात घातलं होतं, तिच्या कानात कुर्र केलं होतं. घरी त्याच वेळी नवरा चोरासारखा बिबे ठोकत होता. हे मला सुचलं ते त्यांनाही सुचलं असणार. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "किती निघाली गोडंबी?"

"मूठभर," रंभा म्हणाली.

"मुठीत काय होते? बाळंतिनीचे लाडू मुठीत होते काय?" त्यांनी डबे उघडायला सुरुवात केली. डिंक निघाला, खारीक निघाली, गूळ निघाला. खोबऱ्याचा डबा रिकामा होता. त्यावरून त्यांनी दादाजींकडे एक नजर टाकली.

बाबूभाईंनी हळूच घसा साफ केला. "बाई, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवा, वरून पन्नी चिपकवा. रोज बदला, अन् तवरोक शेगडी इथी पेटवू नका. चुना लागला आहे, पुरा निघन का नाई सांगता नाई येत. निघाला का मी नवा सीलर मारून देतो."

"पाहू मंग," बाई म्हणाल्या. त्या ओट्याबद्दल त्यांच्या तोंडून इतकं थोडं मी कधी ऐकलं नव्हतं. मग रंभाकडे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून येत जाय."

"उद्या नाई जमत, बाई. उद्या मी लाडू घेऊन अहेरीले चालली."

बाईंचा हात डिंकाच्या डब्यात थांबला. "मलेई ने संगं."

मला वाटलं, आता रंभा रडेल, पाया पडेल. तिने यातलं काही केलं नाही. कमरेला पदर खोचून ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच तिने मान वर केली होती.

"नेतो. पन पहिले थ्या सगळ्या घरी जा, बाई. फोन नाई, सोता जा. रंभानं काई केलं नाई म्हनून सांगा. मंग नेतो."

या ओळीत अन्नपूर्णाबाई कोणाच्या पायऱ्या चढत नाहीत. लोक त्यांच्या चढतात. निकेश एव्हाना आतून येऊन उभा होता, त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. बाईंनी हातातला डबा खाली ठेवला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडल्या.

आम्ही सगळे खिडकीशी जमलो. पहिल्या घराची बेल वाजली, दार उघडलं. बाईंचा आवाज मुळातच मोठा, त्यात आज कापत होता, म्हणून ओळीतल्या सगळ्यांनाच ऐकू गेला असेल.

"रंभानं काईच केलं नाई वो," त्या म्हणत होत्या. "माहीच चूक झाली. अन् आइका ना, मी आजी झाली."